‘बुखारीत लिहिलंय’ म्हणजे नेमकं काय?

हल्ली कुठलाही वाद निघाला की व्हॉट्सअ‍ॅपवर हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, येऊन पडते. एका ग्रुपवर इस्लाम किती क्रूर आहे ते दाखवायला, दुसऱ्यावर तो किती थोर आहे ते दाखवायला. खाली ‘सहीह बुखारी’ या हदीससंग्रहाचं नाव आणि हदीसीचा आकडा. मग कुणीतरी लिहितं, ‘ही जईफ (कच्च्या पुराव्याची) आहे.’ त्यावर समोरचा, ‘अंगाशी आलं की जईफ होय?’ आणि इथून पुढे विषय हदीसीचा राहतच नाही. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. तो वाद हदीसीचा नव्हता. पण हातातल्या पडद्यावरचा एक तुकडा शहराला कुठवर नेतो, हे आपण तेव्हा बघितलंय. म्हणून हा सहीह-जईफचा हिशेब निदान एकदा नीट समजून घेतलेला बरा.

शिवाय एक गोष्ट दोन्ही ग्रुपवाल्यांच्या लक्षात येत नाही. इस्लामी ग्रंथांवर शंका घेणारे पहिले लोक मुसलमानच होते, आणि ते काम त्यांनी धर्मकार्य म्हणून केलं. आजचा इतिहासकार त्यांचाच प्रश्न पुढे विचारतो. दोघांचं पटत नाही ते ‘प्रश्न कुठे थांबवायचा’ या एका मुद्द्यावर.

आधी थर वेगळे करू

‘इस्लाममध्ये असं लिहिलंय’ हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न हवा: कशात? कारण चार वेगवेगळ्या गोष्टी आपण एकाच नावाखाली घेतो.

पहिली कुराण. ११४ सूरा, म्हणजे अध्याय. श्रद्धेनुसार हे ईश्वराचे शब्द असून पैगंबर महंमदांना साधारण इ.स. ६१० ते ६३२ या काळात मिळाले. दुसरी हदीस, म्हणजे पैगंबर काय बोलले, कसे वागले, कशाला गप्प राहून संमती दिली, याच्या सुट्या नोंदी. तिसरी चरित्रं आणि तवारिखा. पैगंबरांचं सगळ्यात जुनं सविस्तर चरित्र इब्न इसहाक यांचं. ते ७६७ च्या सुमाराला वारले. त्यांचा ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला तो पुढच्या पिढ्यांतल्या इब्न हिशाम यांनी काटछाट केलेल्या रूपात. काही मजकूर लोकांना क्लेश होतील म्हणून गाळला, असं इब्न हिशाम प्रस्तावनेतच सांगून मोकळे होतात. इतका प्रामाणिक संपादक आजही विरळाच. चौथी गोष्ट फिकह, म्हणजे या सगळ्यावरून विद्वानांनी बांधलेलं धर्मशास्त्र आणि कायदा. हनफी, शाफई, मालिकी, हंबली, शियांचे जाफरी ही त्यातली घराणी.

आता मोहरमचं बघा. खत्तलरात्रीला कोल्हापुरातल्या तालमीतालमीत पंजे बसलेले असतात आणि करबलाची कथा पोरासोरांना पाठ असते. करबलाची लढाई ६८० मध्ये झाली, पैगंबरांचे नातू हुसैन तिथे मारले गेले, यावर कुणाचंच दुमत नाही. पण त्या दिवशी कोण कुणाला काय म्हणालं, हा तपशील मुख्यतः अबू मिखनफ या इराकातल्या कुफाच्या लेखकाकडून येतो. तो ७७४ च्या सुमाराला वारला, आणि त्याचा मजकूर टिकला तो ९२३ मध्ये वारलेल्या तबरीच्या इतिहासात. घटना पक्की आणि संवाद नंतर गोळा केलेले, असं एकाच कथेत असू शकतं. बहुतेक जुन्या इतिहासाची हीच गत आहे.

‘कुणाकडून ऐकलंत?’

हदीसीचे दोन भाग असतात. सनद आणि मतन. सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी: अमक्यानं मला सांगितलं, त्याला तमक्यानं, त्याला पैगंबरांच्या सहवासातल्या फलाण्यानं. या सहवासातल्या लोकांना सहाबी म्हणतात. मतन म्हणजे मूळ मजकूर.

सनद विचारायची सवय कधी लागली, याचं उत्तर परंपरेतच आहे. बसऱ्याचे इब्न सिरीन (मृत्यू ७२८ च्या सुमारास) म्हणतात की आधी लोक सनद विचारत नसत. फितना, म्हणजे मुसलमानांमधली यादवी झाली, तेव्हापासून ‘तुमच्या माणसांची नावं सांगा’ असं म्हणू लागले. हे वाक्य मुस्लिम बिन हज्जाज यांनी आपल्या हदीससंग्रहाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवलंय. राजकारण पेटलं की थोरांच्या तोंडी वाक्यं घालण्याचा धंदा तेजीत येतो, हे त्या लोकांनी सातव्या-आठव्या शतकातच ओळखलं होतं.

मग त्यावर एक शास्त्रच उभं राहिलं. प्रत्येक रावीची, म्हणजे सांगणाऱ्याची माहिती जमवायची. जन्म कुठला, कुणाकडे शिकला, ज्याचं नाव घेतो त्याला खरोखर भेटला का, म्हातारपणी स्मरणशक्ती कशी होती, खोटं बोलताना कधी सापडला का. पंधराव्या शतकातल्या इब्न हजर यांच्या कोशांत अशा हजारो माणसांची कुंडली आहे, आणि त्यात भीडभाड नाही. एखादा माणूस नमाजी, सज्जन, पण ‘हदीसीत भरवशाचा नाही’ असा शेरा सर्रास दिसतो. साखळी अखंड, माणसं विश्वासू आणि मजकूर इतरांशी जुळणारा असेल तर हदीस सहीह, म्हणजे भक्कम. एखादा दुवा कच्चा असेल तर जईफ. आणि बनावट ठरली तर मौजू.

मुहम्मद अल-बुखारी यांचा जन्म आजच्या उझबेकिस्तानातल्या बुखारा इथे ८१० मध्ये झाला, म्हणजे पैगंबरांच्या निधनाला पावणेदोनशे वर्षं उलटून गेल्यावर. सहा लाख हदीसींतून त्यांनी निवड केली, असं परंपरा सांगते. हा आकडा ऐकून लोक दचकतात: लाखो हदीसी खोट्या होत्या की काय? तसं नाही. एकच वाक्य दहा साखळ्यांनी आलं तर त्या दहा हदीसी मोजल्या जात. निवडलेल्या हदीसी पुनरुक्ती धरून सात हजारांच्या वर भरतात, पुनरुक्ती वगळली तर सुमारे २,६००. बुखारींचा हा संग्रह सुन्नी जगात कुराणाखालोखाल मानला जातो. तरीही दहाव्या शतकात दारकुत्नी या हदीसतज्ज्ञांनी बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या मिळून दोनशेच्या आसपास हदीसींवर बोट ठेवलं, बहुतेक साखळीतल्या दोषांवरून. त्यांना कुणी धर्मबुडवा म्हटलं नाही. आजही त्यांचं नाव आदरानंच घेतात.

वांग्याची हदीस

बनावट हदीसी कोण करत असे? राजकीय पक्ष करत, पंथ करत, दरबारातले खुशमस्करे करत. पण सगळ्यात डोकेदुखी भाविकांची होती. हदीसीच्या बाबतीत धार्मिक माणसं जेवढं खोटं बोलतात तेवढं इतर कशातच बोलत नाहीत, असं आठव्या शतकातले तज्ज्ञ यह्या अल-कत्तान वैतागून म्हणतात. हेही मुस्लिम बिन हज्जाज यांच्याच प्रस्तावनेत आहे. लोकांनी कुराण जास्त वाचावं म्हणून एकेका सूरेचं पुण्य किती, हे सांगणाऱ्या हदीसी काहींनी चांगल्या मनानं रचल्या होत्या.

काही तर निव्वळ करमणूक आहेत. वांगं ज्या हेतूनं खाल तो हेतू सफल होईल, अशी एक हदीस बाजारात फिरत होती. चौदाव्या शतकात इब्न अल-कय्यिम यांनी तिचा समाचार घेतला: असलं वाक्य सामान्य हकिमाच्या तोंडीही शोभणार नाही, मग पैगंबरांच्या कसं शोभेल? आपल्याकडे भरल्या वांग्याचे भक्त पुष्कळ आहेत, पण इतकं पुढे कुणी गेलेलं नाही. गंमत बाजूला ठेवली तर इथे एक महत्त्वाची गोष्ट घडतेय. साखळीकडे न बघता मजकूरच अडाणी आहे म्हणून हदीस फेटाळली गेली. म्हणजे जुने विद्वान फक्त साखळ्या मोजत बसायचे, हा आरोप तितकासा खरा नाही.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. ‘ज्ञानासाठी चीनला जावं लागलं तरी जा’ हे वाक्य पैगंबरांचं म्हणून सद्भावना संमेलनांत, शाळांच्या कार्यक्रमांत हमखास ऐकू येतं. बाराव्या शतकातल्या इब्न अल-जौझी यांनी ते बनावट हदीसींच्या ग्रंथात घातलंय. वाक्य सुंदर आहे. ते पैगंबरांचं असल्याला पुरावा मात्र भक्कम नाही. निकष लावायचा तर आवडत्या वाक्यालाही लावावा लागतो. पुरोगामी वक्त्यांची इथे जरा पंचाईत होते.

अल्लादियाखाँसाहेबांची बंदिश

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातले अभ्यासक या क्षेत्रात आले. हंगेरीचे ज्यू विद्वान इग्नाझ गोल्डझिहर कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात शिकलेले. १८९० मध्ये त्यांनी मांडलं की अनेक हदीसींत पैगंबरांच्या काळापेक्षा नंतरच्या दीडदोनशे वर्षांतली भांडणंच दिसतात. १९५० मध्ये जोसेफ शाख्त त्याच्याही पुढे गेले. कायद्याविषयीच्या हदीसींच्या साखळ्या जितक्या नंतरच्या तितक्या मागे वाढत गेल्या, असं त्यांचं म्हणणं. आधी एखाद्या शहरातल्या विद्वानाचं मत असायचं, मग ते सहाबीचं झालं, शेवटी पैगंबरांचं. त्यांनी एक खूण दाखवली, तिला ‘सामाईक दुवा’ म्हणू. एखाद्या हदीसीच्या सगळ्या साखळ्या मागे मागे नेल्या तर त्या एकाच माणसापाशी येऊन मिळतात आणि त्याच्या मागे एकेरी धागा उरतो.

हे कोल्हापूरकराला संगीतातून चटकन कळेल. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते. त्यांच्याकडे केसरबाई केरकर शिकल्या, मोगूबाई कुर्डीकर शिकल्या. त्यांचे चिरंजीव मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. समजा, अनवट रागातली एक बंदिश आहे. केसरबाईंच्या शिष्या, मोगूबाईंच्या शिष्या आणि मन्सूरांचे शिष्य, सगळे ती एकाच वळणानं गातात. मग ती खाँसाहेबांपर्यंत जाते असं आपण खात्रीनं म्हणू. पण ती फक्त भुर्जीखाँसाहेबांच्या शिष्यांत सापडली आणि बाकी शाखांत तिचा मागमूसही नसला, तर पुरावा भुर्जीखाँपाशी थांबतो. त्यांनी ती वडिलांकडून घेतली असेल, स्वतः बांधली असेल, किंवा वडिलांची अर्धी ओळ पुरी केली असेल. ‘अब्बाजींची आहे’ असं ते म्हणाले असतील तर ते खोटं बोलले, असंही ठरत नाही. आपल्याला त्याच्या मागचं दिसत नाही, एवढंच.

आणि याच उदाहरणात शाख्त यांची चूकही दिसते. केसरबाईंनी एखादी चीज मैफलीत गायली नाही म्हणून ती त्यांना येत नव्हती, असं कुठे असतं? उस्ताद एका शिष्याला देतात ते दुसऱ्याला देत नाहीत. ‘अमक्या ग्रंथात नाही, म्हणजे तेव्हा नव्हतीच’ हा युक्तिवाद शाख्त यांनी भारीच ताणला.

पुढे जर्मन अभ्यासक हाराल्ड मोत्स्की यांनी साखळी आणि मजकूर दोन्ही जोडीनं तपासायची पद्धत पक्की केली. एकाच हदीसीची सगळी रूपं जमवायची. एका शाखेतल्या रूपांत शब्दांची ठेवण सारखी आणि दुसऱ्या शाखेत किंचित वेगळी असेल, तर त्या साखळ्या खऱ्या आहेत. कारण बनवणारा इतकी बारीक जुळणी करत बसत नाही. ८२७ मध्ये वारलेल्या अब्द अल-रज्जाक यांच्या मोठ्या संग्रहावर त्यांनी काम केलं. त्यात इब्न जुरैज हा मक्केचा शिष्य आपल्या गुरूची, अता यांची उत्तरं सांगतो. बहुतेक उत्तरं गुरूचं स्वतःचं मत म्हणून येतात, पैगंबरांचं नाव क्वचित. मध्येच तो ‘मला नक्की आठवत नाही’ म्हणतो, कधी गुरूशी मतभेदही नोंदवतो. खोटंच रचायचं असतं तर सरळ पैगंबरांच्या नावावर घातलं असतं. यावरून मोत्स्की यांनी हा मजकूर आठव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मागे नेऊन दाखवला. शाख्त सांगत होते त्यापेक्षा बराच आधी.

याच पद्धतीनं जोशुआ लिटल यांनी २०२२ मध्ये ऑक्सफर्डच्या प्रबंधात सगळ्यात जास्त भांडणं होणारी हदीस हातात घेतली: पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्या लग्नाच्या वेळच्या वयाची. त्यांच्या मते तिच्या साखळ्या हिशाम बिन उर्वा यांच्यापाशी येऊन मिळतात. हिशाम मदिनेचे, म्हातारपणी इराकात गेले, आणि हे वाक्य तिथेच, आठव्या शतकाच्या मध्यावर पसरलं. लिटल ते त्या काळच्या शिया-सुन्नी वादाशी जोडतात. परंपरेतल्या बहुसंख्य विद्वानांना हा निष्कर्ष मान्य नाही, हदीस बुखारीत आहे आणि सहीह आहे ही त्यांची भूमिका कायम आहे. पण ‘बुखारीत आहे’ म्हणून टीकाकार ज्या वाक्यावर पैज लावतो, त्या वाक्यावर शंका घेणारा इतिहासकारही आहे. टीकाकार आणि कर्मठ आलिम, म्हणजे धर्मपंडित, इथे एकाच बाकावर बसलेले दिसतात.

चौकशी कुठे थांबते

‘ज्या लोकांनी आपला कारभार बाईच्या हाती दिला त्यांचं भलं होणार नाही.’ ही हदीस बुखारीत आहे. ताराराणींनी उभ्या केलेल्या गादीच्या गावात ती जरा जास्तच टोचते. भोपाळवर तर १८१९ ते १९२६ या काळात चार बेगमांनी राज्य केलं, ही हदीस उपलब्ध असताना.

मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मेर्निसी यांनी १९८७ मध्ये तिची पाळंमुळं खणली, आणि हत्यारं वापरली ती परंपरेचीच. हदीस सांगणारे सहाबी अबू बकरा. (पहिले खलिफा अबू बक्र वेगळे.) इराणी लोकांनी किस्राच्या, म्हणजे आपल्या बादशहाच्या, मुलीला गादीवर बसवलं, हे कळल्यावर पैगंबर हे बोलले, असं ते सांगतात. त्यांना हे वाक्य आठवलं कधी, तर ६५६ मध्ये बसऱ्यात, उंटाच्या लढाईच्या वेळी. एका बाजूला चौथे खलिफा अली, दुसऱ्या बाजूला खुद्द आयेशा सैन्य घेऊन उभ्या. आपण त्यांच्या बाजूनं लढायला निघालोच होतो, पण या वाक्यानं वाचलो, असं अबू बकरा बुखारीतच म्हणतात. म्हणजे पैगंबर जाऊन चोवीसेक वर्षं झाल्यावर, नेमक्या त्या दिवशी, हारलेल्या बाजूला का गेलो नाही याचं कारण म्हणून.

मेर्निसींनी अजून एक गोष्ट काढली. दुसरे खलिफा उमर यांच्या काळात अबू बकरा यांनी मुगीरा या अधिकाऱ्यावर व्यभिचाराचा आरोप केला होता. चार साक्षीदार लागतात. चौथा कचरला. आरोप करणाऱ्यांना फटके बसले. अबू बकरा यांनी शब्द मागे घेतला नाही. खोटा आळ घेणाऱ्याची साक्ष पुन्हा कधी मानू नका, असं कुराणाच्या २४ व्या सूरेत आहे, पश्चात्ताप करणारे सोडून. मग यांची साक्ष कशी चालते?

परंपरेचं उत्तर तयार आहे आणि ते पोकळ नाही. कोर्टातली साक्ष वेगळी, हदीस सांगणं वेगळं. साक्षीदारांची संख्या भरली नाही म्हणून शिक्षा झाली, ते खोटारडे ठरले असं नव्हे. आणि तिसरं, जे सगळ्यात वजनदार: सगळे सहाबी ‘अदूल’, म्हणजे विश्वासार्ह मानायचे, हा सुन्नी हदीसशास्त्राचा नियम. सहाबींच्या खालच्या प्रत्येकाची कुंडली मांडायची, सहाबींची नाही.

थांबण्याची जागा ती ही. परंपरा सहाबीच्या उंबऱ्याशी थांबते, कारण तिथे शंका घेतली तर कुराण आपल्यापर्यंत आणणारे हातही तेच आहेत. इतिहासकाराला असा उंबरा नसतो. त्याच्या लेखी सहाबीही माणूस, त्यालाही बाजू असते, त्याचीही आठवण सोयीनं जागी होते. शियांनी तर पहिल्यापासून अनेक सहाबींची साक्ष मानलेली नाही, त्यांचे हदीससंग्रहच वेगळे. त्यामुळे ‘मुसलमान असं मानतात’ हे वाक्य इथे पुन्हा लंगडं पडतं.

खुद्द कुराणाचं काय?

इथे चित्र वेगळं आहे, आणि सनसनाटी शोधणाऱ्यांची थोडी निराशा होईल.

तिसरे खलिफा उस्मान (कारकीर्द ६४४ ते ६५६) यांनी एक प्रमाण प्रत करवून घेतली, ती शहरोशहरी पाठवली आणि बाकीच्या प्रती जाळायला सांगितल्या. ही हकिकत दडवलेली नाही, बुखारीतच आहे. कुफातले ज्येष्ठ सहाबी इब्न मसऊद यांना ते रुचलं नाही, हेही जुने ग्रंथ सांगतात. त्या काळची अरबी लिपी मोडी वाचणाऱ्याला ओळखीची वाटेल: अक्षरांवर टिंबं जवळजवळ नाहीत, ऱ्हस्व स्वरांच्या खुणा नाहीत. लिहिलेलं होतं ते पाठ असणाऱ्याला आठवण म्हणून. त्यामुळे एकाच लिखित सांगाड्याचे वेगवेगळे पाठ निघाले. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुजाहिद यांनी त्यांतले सात पाठ प्रमाण ठरवले. त्याबाहेरचे पाठ जाहीर म्हणणाऱ्या इब्न शनबूध यांना ९३५ मध्ये चौकशी होऊन फटके बसले. आज आपल्याकडे आणि जगात बहुतेक ठिकाणी ‘हफ्स’ पाठ चालतो, १९२४ च्या कैरो आवृत्तीनं तो आणखी पक्का केला. मोरोक्कोत मात्र ‘वर्श’ पाठ आहे.

या पाठांनी फरक काय पडतो? बहुतेक ठिकाणी उच्चारापुरता. पण पाचव्या सूरेतली वजूची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याची आयत बघा. एका स्वराच्या फरकानं ‘पाय’ हा शब्द ‘धुवा’ला जोडायचा की ‘ओला हात फिरवा’ला, हे बदलतं. दोन्ही उच्चार प्रमाण पाठांत आहेत. सुन्नी पाय धुतात, शिया पायांवरून ओला हात फिरवतात. दोघांकडे हदीसीही आहेत. मशिदीच्या हौदावर रोज दिसणारा फरक एका न लिहिलेल्या स्वराशी जोडलेला आहे.

१९७२ मध्ये येमेनमधल्या सना इथल्या मोठ्या मशिदीच्या दुरुस्तीत जुन्या पानांचा ढीग सापडला. त्यात काही कातडी पानं अशी, की आधीचा मजकूर पुसून वर दुसरा लिहिलेला. वरचा मजकूर प्रमाण कुराण. खालचा, अतिनील प्रकाशात वाचता येणारा, तोही कुराणच, पण शब्दांचे छोटे फरक, सूरांचा क्रम वेगळा. कार्बन चाचणीनं कातडं सातव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचं किंवा त्याआधीचं निघालं. खालच्या मजकुरात दुसरी कथा नाही, वेगळा धर्म नाही. जे फरक आहेत ते सहाबींच्या खासगी प्रतींत असायचे म्हणून मुसलमान विद्वान सांगत आले त्याच जातीचे. २०१५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या दोन पानांचं वय जाहीर झालं: ९५ टक्के शक्यतेनं ५६८ ते ६४५ या दरम्यानचं. कार्बन कातड्याचं वय सांगतो, शाईचं नाही, हे लक्षात ठेवूनही ही पानं फार जुनी आहेत.

१९७७ मध्ये जॉन वॉन्सब्रो यांनी कुराणाला आजचं रूप दोनेकशे वर्षांनी आलं, असं मांडलं होतं. ते मत या पानांपुढे टिकलं नाही. संशयालाही पुराव्यापुढे माघार घ्यावी लागते.

‘हा गोऱ्यांचा डाव नाही कशावरून?’

हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. १८५८ पासून विल्यम म्यूर यांनी इंग्रजीत पैगंबरांचं चरित्र लिहिलं. ते कंपनी सरकारातले अधिकारी आणि मिशनऱ्यांचे पाठीराखे. ज्या जुन्या चरित्रकारांवर त्यांनी भिस्त ठेवली त्यांत वाकिदी होता, आणि त्याला मुसलमान हदीसतज्ज्ञांनीच कच्चा ठरवलं होतं. सर सय्यद अहमद खान इंग्लंडला गेले आणि १८७० मध्ये त्यांनी उत्तर छापलं. त्यांचं म्हणणं: तुम्ही ज्या गोष्टींवरून टीका करता त्या गोष्टींचाच पुरावा कच्चा आहे. म्हणजे इथे संशय घेणारा मुसलमान आणि जुन्या हकिकतीवर भाबडा विश्वास ठेवणारा साहेब!

भारतीय नावं पुढेही भेटतात. हैदराबादचे मुहम्मद हमीदुल्लाह यांनी हम्माम बिन मुनब्बिह यांची १३८ हदीसींची वही प्रसिद्ध केली. हम्माम बुखारींच्या कितीतरी आधीचे, आणि वहीतला मजकूर नंतरच्या संग्रहांशी फार जवळून जुळतो. उत्तर प्रदेशातल्या मऊचे मुहम्मद मुस्तफा आझमी देवबंद, अल-अझहर आणि केंब्रिज असा प्रवास करून आले आणि त्यांनी शाख्त यांना पुस्तकभर उत्तर दिलं. माथेरानला जन्मलेले असफ फैजी मुसलमानी कायद्याचे नामांकित जाणकार. धर्म आणि कायदा वेगळे करून वाचा, हे त्यांनी १९६० च्या दशकात लिहिलं.

‘मग फक्त इस्लामच का?’ असंही विचारतात. फक्त इस्लाम कुठे? बायबलची चिरफाड युरोपात आधी झाली. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अशुद्ध पाठ काढून शुद्ध प्रत केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताच्या शेकडो पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती काढली, १९६६ पर्यंत काम चाललं, आणि लोकांना प्रिय असलेले कितीतरी श्लोक तळटीपेत गेले. ज्याला महाभारताची चिकित्सा झोंबते आणि हदीसीची चिकित्सा आवडते, किंवा उलट, त्याला चिकित्सेशी देणंघेणं नाही.

आणि ‘मग पैगंबर तरी होते का’ हा प्रश्न. होते. ६३४ च्या सुमाराच्या एका ग्रीक लिखाणात अरबांमध्ये उठलेल्या पैगंबराचा उल्लेख आहे. ६६० च्या दशकातला आर्मेनियन इतिहास महमत नावाच्या व्यापाऱ्याचं नाव घेतो आणि त्यानं दारू, व्यभिचार निषिद्ध केल्याचं सांगतो. हे लोक मुसलमान नव्हते, त्यांना बनवाबनवी करायचं कारण नव्हतं. मायकल कुक यांच्यासोबत १९७७ मध्ये सगळा इस्लामी इतिहास बाजूला ठेवून बघणाऱ्या पॅट्रिशिया क्रोन, म्हणजे संशयवाद्यांतल्या सगळ्यात कडक, त्यांनीही पुढे पैगंबरांच्या अस्तित्वाबद्दल शंका ठेवली नाही.

हदीस कोर्टात जाते तेव्हा

हे सगळं विद्वानांपुरतं राहत नाही, ते घरात येतं. एका दमात तीन तलाक घ्या. मुस्लिम बिन हज्जाज यांच्या संग्रहात, म्हणजे सहीह मुस्लिममध्ये, इब्न अब्बास या सहाबींची हदीस आहे: पैगंबरांच्या काळात, अबू बक्र यांच्या काळात आणि उमर यांच्या पहिल्या दोन वर्षांत एकदम दिलेले तीन तलाक एकच धरले जात. लोक घाई करू लागले म्हणून उमर यांनी ते तीन धरायचं ठरवलं. अहले-हदीस पंथ या आधारावर तीनाला एक मानतो. हनफी तीच हदीस मान्य करून वेगळा अर्थ लावतात आणि तीनाला तीनच धरतात. दोघेही ‘सहीह मुस्लिम’ म्हणू शकतात. आकड्यासकट.

सर्वोच्च न्यायालयात २२ ऑगस्ट २०१७ ला एका दमातला तीन तलाक रद्द ठरवणारा निकाल लागला, तीन विरुद्ध दोन. बहुमतातले न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी कुराणाच्या आयती वाचून सांगितलं की जे कुराणात वाईट ते शरियतमध्ये चांगलं असू शकत नाही. अल्पमतातले सरन्यायाधीश खेहर यांनी दोन्ही बाजूंनी सादर केलेल्या हदीसी निकालात मांडल्या आणि म्हटलं की त्यांत इतका परस्परविरोध आहे की त्यावर कोर्टानं निष्कर्ष काढणं योग्य होणार नाही. बाराशे वर्षं न मिटलेला वाद दिल्लीतल्या पाच न्यायमूर्तींच्या टेबलावर आला आणि त्यांतल्या एकानं हात जोडले. मला तरी ते प्रामाणिक वाटलं, निकालाचं त्यांचं टोक पटलं नसलं तरी.

दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, संसदेनं कायदाच केला: असा तलाक रद्दबातल, आणि देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. शिक्षेवरून वाद आहेत आणि ते रास्त आहेत. पण या कायद्यापुढे इब्न अब्बासांची हदीस सहीह की तिचा अर्थ वेगळा, हा प्रश्नच उरत नाही.

असगर अली इंजिनिअर यांच्यासारखे सुधारक आयुष्यभर कुराणाच्या नव्या वाचनातून वाट काढत राहिले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांचा त्या वाटेवर फारसा भरवसा नव्हता. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी मुंबईत विधिमंडळावर सात मुसलमान बायकांचा मोर्चा नेला. त्या सात जणींनी कुठल्याही हदीसीचा अर्थ मागितला नाही. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्यांना एक कायदा द्या, एवढीच त्यांची मागणी होती.